ही ओळ काढू नका

सॉफ्टवेअर कंपनीत कामाला लागून जेमतेम दीड महिना झाला होता. माझ्या वाट्याला आलेल्या फाईलमध्ये बाराशेच्या आसपास ओळी होत्या आणि त्यांच्या मध्यावर कुठेतरी एक ओळ अशी होती, जी काहीच करत नव्हती. प्रोग्रॅम तिथे पोचला की दोन सेकंद नुसता थांबायचा, मग पुढे जायचा. त्या ओळीच्या डोक्यावर कुणीतरी कॉमेंट, म्हणजे फक्त माणसांनी वाचायची टीप, लिहून ठेवली होती : 'ही ओळ काढू नका.' का काढू नका, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, काही नाही.

मी ती काढली.

दोन सेकंद म्हणजे संगणकाच्या हिशेबात जन्म निघून जावा इतका वेळ. तेवढ्यात तो कोट्यवधी बेरजा उरकतो, आणि हा इथे हाताची घडी घालून उभा! चालत्या प्रोग्रॅममध्ये मूर्खासारखी वाटणारी ओळ दिसली तर हसण्याआधी घाबरायचं असतं, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं. टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. कोड रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्याच्या तपासणीला टाकलं, समोरच्याने बहुधा एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगमध्ये जाता जाता 'चालेल' असं लिहून मंजूर केलं. रोज रात्री साधारण साडेचारशे फायली त्या रस्त्याने जायच्या आणि दर फाईलमागे दोन सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं वाचली. दुसऱ्या दिवशीच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, मॅनेजरने सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी दिवसभर हवेत.

पुढचे तीन आठवडे काही झालं नाही. मग महिनाअखेर आली.

आमचा प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये फाईल ठेवायचा आणि दुसऱ्या टीमच्या प्रोग्रॅमला हाक मारायचा, की ठेवली, घ्या. एरवीच्या फायली लहानशा. महिनाअखेरच्या मात्र अगडबंब. आमच्याकडून लिहून झाली तरी ती नेटवर्कवरून पलीकडे पूर्ण पोचायला एखाद-दीड सेकंद जायचा, आणि दोन सेकंदांच्या त्या थांब्यात ती निवांत पोचायची. मी थांबा काढून टाकल्यावर पलीकडचा प्रोग्रॅम हाक ऐकताक्षणी धावला आणि अर्धी फाईल वाचून मोकळा झाला. अर्धी फाईलसुद्धा वाचता येते, हीच त्यातली मेख. कुठे एरर आली नाही, कुठला अलार्म वाजला नाही. रिपोर्ट वेळेवर तयार झाले, दिसायला सुबक झाले, फक्त त्यातले आकडे कमी होते. ते कमी आहेत हे क्लायंटकडच्या एका अकाउंटंट बाईंच्या ध्यानात आलं, तेही दोन दिवसांनी, कारण मागच्या महिन्याची बेरीज त्यांना तोंडपाठ होती.

आम्हाला कारण सापडायला आणखी दीड दिवस लागला. मुळात संशय माझ्यावर नव्हताच, कारण तीन आठवड्यांपूर्वीच्या बदलाकडे कोण बघतं? मीच रात्री लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदी, चाळताना फाईल लिहिल्याची आणि वाचल्याची वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि पोटात गोळा आला. सकाळी जाऊन सांगितलं. मॅनेजर रागावला नाही. म्हणाला, "आत्ता ती ओळ परत टाक. नीट काम पुढच्या स्प्रिंटमध्ये करू." स्प्रिंट म्हणजे आमची काही आठवड्यांची कामाची फेरी.

मी ओळ परत टाकली आणि तिच्यावर चांगली पाच ओळींची कॉमेंट लिहिली. फाईल कुठे जाते, तिला पोचायला किती वेळ लागतो, महिनाअखेरीला काय होतं, सगळं. माझ्यासारखं दुसरं कुणी येऊन पडू नये म्हणून. रिव्ह्यूमध्ये शेरा आला : 'कॉमेंट फार लांब आहे. जरा आटोपशीर करा.' तो पुढचा स्प्रिंट अजून यायचा आहे. त्याला आता चौदा वर्षं झाली.

सॉफ्टवेअर कंपनीत काम करणं म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की मला ही दोन सेकंदं आठवतात. बाहेरच्यांची समजूत अशी की आम्ही दिवसभर खटाखट कोड लिहितो. मागच्या आठवड्यात मी सहज मोजलं : पाच दिवसांत मी लिहिलेल्या ओळी एकोणतीस. उरलेला वेळ गेला वाचण्यात. कोड वाचायचा, लॉग वाचायचे, तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, वाचायचं, तिकिटाखाली झालेलं भांडण वाचायचं, क्लायंटच्या मेलमधल्या 'कधीकधी नीट चालत नाही' या वाक्यातला 'कधीकधी' म्हणजे कधी ते ओळखायचं. आणि यातला बहुतेक मजकूर लिहिणारी माणसं कंपनी सोडून गेलेली असतात.

कोडमधून माणूस दिसतो. एक जण पहिल्या व्हेरिएबलला, म्हणजे आकडा ठेवायच्या डब्याला, 'टेम्प' म्हणतो, दुसऱ्याला 'टेम्प२', आणि मग 'टेम्पफायनल'. त्या दिवशी त्याला घरी जायची घाई होती हे दहा वर्षांनीही कळतं. दुसऱ्या कुणीतरी प्रत्येक पायरीवर तपासलंय, की हातात आलेली वस्तू रिकामी तर नाही ना. कधीतरी दुधाने तोंड पोळलेलं असणार, आता ताकही फुंकून चाललंय. तिसऱ्याने पाच ओळींत होणारं काम एका ओळीत असं कोंबलेलं, की वाचणाऱ्याने टाळी द्यावी. टाळी द्यायला मी रात्री साडेअकराला तिथे बसले होते आणि माझा हात कपाळावर होता. हुशारी दाखवलेला कोड मला आताशा आवडेनासा झालाय. सरळसोट, जरा कंटाळवाणा, पाल्हाळीक लिहिलेला कोड दिसला की लिहिणाऱ्याबद्दल माया वाटते.

अर्थात ती ओळ कुणाची, हे मी तेव्हाच शोधलं होतं. लिनस टॉरवाल्ड्‌सने २००५ मध्ये गिट नावाची सिस्टीम लिहिली. आता जवळजवळ सगळीकडे कोडचा इतिहास तिच्यातच साठवतात आणि कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते दाखवायची एक आज्ञाही तिच्यात आहे. त्या आज्ञेचं नावच 'ब्लेम'. कुणीतरी फार प्रामाणिकपणे ठेवलेलं नाव आहे हे. मी ब्लेम चालवलं. एक नाव आलं. माणूस चार वर्षांपूर्वीच सोडून गेलेला. आणि त्याच दिवशी, त्याच मिनिटाला, त्याच नावावर चौदा हजार फायली. शेजारी संदेश : 'जुन्या सिस्टीममधून आणलं.' म्हणजे त्याने फक्त सामान हलवलं होतं. त्याआधीचा इतिहास ट्रकमधून खाली उतरलाच नव्हता.

पुढे बऱ्याच वर्षांनी मेल्विन कॉन्वे यांचं १९६८ मधलं एक निरीक्षण वाचनात आलं. जी संस्था एखादी सिस्टीम उभी करते, त्या संस्थेत कोण कोणाशी कसं बोलतं याचाच साचा त्या सिस्टीममध्ये उतरतो, असं त्यांनी मांडलं होतं. ते वाचलं आणि दोन सेकंदांचा अर्थ लागला. फाईल पूर्ण आली की नाही हे पलीकडच्या प्रोग्रॅमने तपासलं असतं, किंवा आमच्याकडून फाईल आधी वेगळ्या नावाने लिहून मग तिचं नाव बदललं असतं, तर थांबायची गरजच नव्हती. अर्ध्या दिवसाचं काम. पण त्यासाठी दोन टीमनी एका टेबलाशी बसायला हवं होतं. त्या काळी दोघांचे मॅनेजर एकमेकांशी मेलवरच बोलत, तेही चार लोकांना सीसीत ठेवून. न झालेल्या त्या बैठकीच्या जागी कुणीतरी दोन सेकंद घालून ठेवले होते. तेव्हापासून विचित्र कोड दिसला की मी आधी विचारते, तेव्हा इथे कुणाचं कुणाशी बिनसलं होतं?

त्याच १९६८ सालच्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली होती. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द रूढ झाला तो तिथून. तिथल्या तक्रारी काय होत्या? प्रकल्प वेळेत होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, आणि तयार झालेलं मागितल्यासारखं चालत नाही. माणूस चंद्रावर उतरायच्या आधीची गोष्ट आहे ही. परवाच्या आमच्या बैठकीचं इतिवृत्त मी त्याच तारखेचं म्हणून खपवू शकले असते.

'किती दिवस लागतील?' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न आणि त्याचं खरं उत्तर कुणालाच नको असतं. खरं उत्तर असं की, तो कोड उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि उघडून बघणं हेच अर्धं काम आहे. हे म्हटलं की समोरचा समंजसपणे मान डोलावतो आणि म्हणतो, "बरोबर आहे, पण अंदाजे?" मग अंदाजे सांगितलेला आकडा एका एक्सेल शीटमध्ये जातो आणि तिथे गेला की तो अंदाज राहत नाही. यावर तोडगा म्हणून दिवसांऐवजी पॉइंट आले. १, २, ३, ५, ८, १३ असे पत्ते हातात धरून सगळ्यांनी एकदम टाकायचे. पहिल्यांदा मला फार गंमत वाटली. नंतर लक्षात आलं की नवे लोक ३ टाकतात, जुने ८ टाकतात, आणि ज्याने तो भाग आधी कधी हाताळलाय तो पत्ता टाकण्याआधी खिडकीबाहेर बघतो. बेल लॅब्समधल्या टॉम कारगिल यांचा एक टोला आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरतो : पहिल्या ९० टक्के कोडला ठरलेल्या वेळाच्या ९० टक्के वेळ लागतो, आणि उरलेल्या १० टक्क्यांना उरलेला ९० टक्के. बेरीज १८० होते. ती तशीच होते.

आणि प्रकल्प उशिरा चाललाय असं दिसलं की वरून माणसं येतात. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये एका प्रचंड ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलं होतं. त्यातून भाजून निघाल्यावर त्यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं, की उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. गणित शाळेतलं आहे. तीन माणसांत बोलायच्या जोड्या तीन. पाच माणसांत दहा. बारा माणसांत सहासष्ट. एकदा आमच्या पाच जणांच्या टीमला डेडलाइनच्या सहा आठवडे आधी 'मदत' म्हणून सात जण मिळाले. सातही हुशार, कष्टाळू, मनापासून काम करायला आलेले. त्यांना कुठे काय आहे ते दाखवण्यात माझे तीन आठवडे गेले, म्हणजे टीममधली एक कोड लिहिणारी कमी झाली. ते रुळले तेव्हा डेडलाइन होऊन गेली होती आणि त्यांना दुसऱ्या कुठल्यातरी बुडत्या प्रकल्पावर हलवण्यात आलं. जाताना त्यातला एक म्हणाला, "आत्ता कुठे समजायला लागलं होतं." त्याचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

रडगाणं पुरे. या कामात एक सुख आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आमच्या धंद्याला स्वतःचा असा विषय नाही. आम्ही कायम दुसऱ्याच्या घरात डोकावत असतो. मी दोन वर्षं विम्याचं काम केलं, तीन वर्षं गोदामांचं, मग मालवाहू जहाजांच्या कागदपत्रांचं, आणि मध्ये काही महिने हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं. यातलं एकही क्षेत्र मला धड येत नाही, पण प्रत्येकातल्या चार गोष्टी अशा माहीत आहेत ज्या तिथे आयुष्य काढणाऱ्यालाच माहीत असतात. कोड लिहायचा तर 'साधारणपणे' असं म्हणून भागत नाही. साधारणपणे माणसाला आडनाव असतं. पण जगात कोट्यवधी लोक एकाच नावावर जगतात, आणि आडनावाचा रकाना सक्तीचा केला की ते तिथे टिंब देतात. साधारणपणे गुरुवारनंतर शुक्रवार येतो. पण २०११ च्या डिसेंबरात सामोआ देशाने आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली आणि ३० तारखेचा शुक्रवार त्यांच्याकडे उजाडलाच नाही. २९ नंतर थेट ३१. आमच्यातल्या कुणीतरी त्या दिवसासाठी अट लिहिली असेल आणि तिच्याकडे बघून कुणातरी नव्याला हसू आलं असेल. साधारणपणे ०.१ आणि ०.२ मिळून ०.३ होतात. संगणकाला विचाराल तर तो बहुतेक भाषांत ३ च्या पुढे पंधरा शून्यं टाकून एक ४ चिकटवतो, कारण दशांशातला ०.१ त्याच्या द्विमान पद्धतीत पुरा मावतच नाही. म्हणून पैशांचा हिशेब तशा आकड्यांत ठेवायचा नसतो. हे एकदा अंगाशी आलं की कुणी विसरत नाही.

गोदामाच्या कामातला एक प्रसंग सांगते. आमच्या डेटात मालाच्या वजनाच्या रकान्यात अधूनमधून ९९९९ असा आकडा यायचा. एवढं वजन असलेली वस्तू तिथे शक्यच नव्हती. आम्ही ठरवलं, लोक निष्काळजीपणे टाइप करतात. मग ठरावीक वजनापेक्षा मोठा आकडा स्वीकारायचाच नाही, अशी अट घातली. मंगळवारी रिलीज झाला आणि बुधवारी सकाळी गोदाम ठप्प. झालं होतं असं, की फुटलेला, भिजलेला माल आला तर तो नोंदवायला आम्ही जागाच दिली नव्हती. तिथल्या लोकांनी तक्रार न करता आपसात ठरवून टाकलं होतं : खराब माल म्हणजे ९९९९. पाळीवर येणारा प्रत्येक नवा माणूस ते शिकत होता. सात वर्षं. वजनाच्या रकान्यातून ते आमच्याशी सात वर्षं बोलत होते आणि आम्ही त्याला चुकीचा डेटा म्हणत होतो. मी तिथल्या सुपरवायझरला फोनवर विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुम्ही विचारलं कुठे?" त्यानंतर मी कुठल्याही क्लायंटकडे गेले की आधी हातात कीबोर्ड असलेल्या माणसाच्या मागे तासभर मुकाट उभी राहते. मीटिंगमध्ये जे कळत नाही ते तिथे कळतं.

ऑन-कॉलबद्दल थोडक्यात. आठवड्याची पाळी असते. त्या आठवड्यात फोन उशाशी. तो वाजला की झोपेतून उठून लॅपटॉप उघडायचा आणि दोन-तीन मिनिटांत आवाज जागा ठेवून म्हणायचं, "हो, बघते आहे." खरं तर तेव्हा काहीच दिसत नसतं. पहाटे तीनला प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरत असलेल्या सिस्टीमवर, हात घालायचा म्हणजे बोटं थंड पडतात. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला आणि एकावर जायचा राहिला. त्या एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, तो जागा झाला आणि भराभर सौदे करत सुटला. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा. मी ऑन-कॉल असले की रात्री हमखास मला तो आठवा सर्व्हर आठवतो. शुक्रवारी काही डिप्लॉय करायचं नाही, म्हणजे नवा कोड चालू करायचा नाही, हा आमच्यातला अलिखित नियम. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले, विमानं जमिनीवर राहिली. तो वार शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही, फक्त एकाने कॅलेंडरचा फोटो टाकला.

पण काही बिघडलं तरच आम्ही दिसतो, याचा एक ताप आहे. २००० साल उजाडताना काही विशेष झालं नाही, म्हणून 'वायटूके' हे थोतांड होतं असं म्हणणारे लोक मला अजून भेटतात. वर्ष दोनच आकड्यांत साठवलेल्या प्रोग्रॅमना ०० म्हणजे १९०० वाटणार होतं, आणि कित्येकांनी काही वर्षं डोळे फोडून त्या जुन्या ओळी शोधल्या, दुरुस्त केल्या. म्हणून काही झालं नाही. तसाच पुढचा मुहूर्त लागलेला आहे. १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजत आलेल्या प्रोग्रॅमची जागा १९ जानेवारी २०३८ ला संपते. तेव्हाही काही झालं नाही, तर ज्यांच्यामुळे झालं नाही त्यांना कुणी विचारणार नाही. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'या वर्षात आपण काय साध्य केलं' असा रकाना असतो. एका वर्षी मी तिथे लिहिलं, 'महिनाअखेरीला बारा वेळा काही घडलं नाही.' मॅनेजर हसला आणि म्हणाला, "हे जरा सकारात्मक भाषेत लिही ना." मग मी 'प्रणालीची स्थिरता वृद्धिंगत केली' असं लिहिलं. ते त्याला आवडलं.

अलीकडे कोड यंत्रंच लिहू लागली आहेत. सांगितलं की मिनिटाभरात दोनशे ओळी हजर, नीटनेटक्या, कॉमेंटसकट. पहिले काही आठवडे मला धाकधूक होती, आता कामाचा भाग झालाय. वाचायचं ओझं मात्र वाढलं, कारण लिहिणारा थकत नाही आणि वाचणारी मी आहे तेवढीच. परवा मी मुद्दाम त्या जुन्या फाईलवर यंत्राला सोडलं आणि विचारलं, यात सुधारणा सुचव. त्याने सात सुधारणा सुचवल्या. तिसरी होती : दोन सेकंदांचा अनावश्यक थांबा काढून टाकावा. मला त्याचा राग आला नाही. दीड महिन्याची मीच समोर बसल्यासारखं वाटलं.

माणसं जातात तेव्हाची केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, हा एक वेगळाच प्रकार. नोटीस पिरियडच्या शेवटच्या दोन आठवड्यांत जाणाऱ्याने आपल्याला माहीत असलेलं सगळं राहणाऱ्यांना सांगायचं. तो प्रामाणिकपणे सांगतो. आकृत्या काढतो, पासवर्ड कुठे आहेत ते दाखवतो. पण माणसाला आपल्याला काय काय माहीत आहे हे कुठे माहीत असतं? अमुक सर्व्हर सोमवारी सकाळी हळू चालतो आणि तेव्हा त्याला हात लावायचा नाही, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं, ते आकृतीत येत नाही. मग शेवटच्या दिवशी सगळ्यांना एक मेल येतो, संपर्कात राहू वगैरे. महिन्याभरात त्याचं नाव फक्त ब्लेममध्ये उरतं.

गेल्या वर्षी एका नव्या कामासाठी दुसऱ्या कंपनीबरोबर कॉल होता. त्यांची सिस्टीम आमच्या सिस्टीमला जोडायची होती. कॉलला वेळेवर आलेले आम्ही दोघंच. पडद्यावरचं नाव वाचलं आणि मी ताठ बसले. चौदा हजार फायलींवर वाचलेलं नाव होतं. मॅनेजर मंडळी यायला पाच मिनिटं होती. मी ओळख सांगितली आणि न राहवून विचारून टाकलं, "तुम्हाला ती दोन सेकंदांची ओळ आठवते का हो? 'काढू नका' लिहिलेली?"

तो क्षणभर गप्प झाला, मग खो-खो हसला. "काढलीस ना?"

"काढली."

"मीही काढली होती. महिनाअखेरीला कळलं. परत टाकली, तेव्हा ती कॉमेंट मीच लिहिली. त्याआधी तिथे काहीच नव्हतं, नुसती ओळ."

"मग का काढू नका ते का नाही लिहिलंत?"

"लिहिलं होतं गं. चांगला सहा-सात ओळींचा परिच्छेद होता. रिव्ह्यूमध्ये म्हणाले, फार लांब आहे."

तेवढ्यात बाकीचे आले आणि सगळ्यांनी एकमेकांना आवाज येतोय का म्हणून विचारायला सुरुवात केली. माझ्या पाच ओळींच्या आता किती उरल्या आहेत, ते मी त्याला सांगितलं नाही.